बर्नडीनच्या वाटेतला खांब

आमच्या नगरपालिकेला नवं आणायची हौस दांडगी, जुनं उचलायचं मात्र जिवावर येतं. टेकडीवरच्या आमच्या रस्त्याला त्यांनी नवे दिवे बसवले, बारीक, चंदेरी, दवाखान्यासारखा पांढरा उजेड पाडणारे. जुन्या लोखंडी खांबांच्या तारा कापल्या आणि ते तसेच ठेवले. प्रत्येक दारापुढे एक जळणारा, एक मेलेला. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात खाणीसुद्धा बंद पडून तशाच पडल्यात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते बर्नडीन कोवाल्चिकला.

बर्नडीन माझी समोरची शेजारीण. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका बटाट्याचं सारण भरून पिअरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, करतो. कडा कुणी ढिल्या दाबल्या तर बर्नडीन त्या तिच्यासमोरच उघडते आणि परत दाबायला लावते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर घेऊन चालते, आणि तिच्या दारापुढे फुटपाथवर त्या दोन खांबांमधून वॉकर जात नाही. मग ती रस्त्यावर उतरते. त्या उतारावरून खडीचे ट्रक येतात. गाडीतून सोडते म्हटलं तर विचारते, "मी काय किराणा आहे?" सोबत येते म्हटलं तर आठवडाभर बोलत नाही.

तिला आपल्या पायांनी, एकटीने चर्चला जायचं होतं, एवढंच. त्यासाठी तीन वर्षं फोन केले मी. दिवेवाले म्हणायचे, जळत नाही तो आमचा नाही. रस्तेवाले म्हणायचे, खांब म्हणजे दिवेवाल्यांचा. माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी यंदा तिला कचेरीतच घेऊन गेले. तिथं गाडीतून यायला तिची हरकत नव्हती, का ते मला विचारू नका. काउंटरवर ड्वेन होता, लहानपणी माझी सफरचंदं चोरणारा.

"बाकीचे जुने खांब जूनमध्ये निघतायत," तो म्हणाला. "तुमचा तेवढा राहणार, मिसेस कोवाल्चिक. त्याच्यावर बॅनर आहे ना."

बॅनर आम्हाला ठाऊक होतं. गावातून जे लढायला गेले त्यांचे फोटो माजी सैनिकांनी खांबांवर लावलेत. आमच्या रस्त्यावर एकच, बर्नडीनचा वारलेला नवरा लेन. एकोणीस वर्षांचा, व्हिएतनामला निघालेला, टोपी तिरकी, हसतोय. मी ओळखायचे तो लेन म्हातारा होता, आणि कॉफीचा कप घेऊन नेमका शेगडीसमोर उभा राहायचा. बर्नडीन ओल्या फडक्याचा फटका द्यायची, म्हणायची, "बाजूला हो, लेन." तो ढिम्म हलायचा नाही. तीच वळसा घालून सूप ढवळायची.

"मग नव्या खांबावर लावा," मी म्हटलं.

"नवे पोकळ आहेत. बॅनरमध्ये वारा भरला की वाकतात. घरच्यांनी हो म्हटलं की बॅनर उतरवून त्यांना देतो आणि खांब कापतो."

"घरचे म्हणजे कोण?"

"ह्याच की."

"तीन वर्षांत हे एकदा तरी सांगायचंस."

"बॅनरचं तुम्ही विचारलंच कुठे?"

मी कपाळावर हात मारला. पण सुटलो, एका शब्दाचं तर काम. मी बर्नडीनकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "नवा काढता येतो का बघ."

गाडीत मी तिला फाडून खाल्ली. "तीन वर्षं माझं डोकं पिकवलंस. एक दिवस ट्रकखाली जाशील. कशासाठी, त्या कापडासाठी? लेनला तरी आवडलं असतं का?"

"नसतं आवडलं. लेन फोटो काढू द्यायचा नाही." मग ती खिडकीकडे वळली. "वँडा, मला तो तिकडून परत आल्यावर भेटला. एवढ्या संसारात मी त्याला असं हसताना कधी बघितलं नाही. आता भांडी घासताना खिडकीतून दिसतो. त्याला गुंडाळून माळ्यावर टाकू?"

मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं, त्यामुळे मी गाडी नको तिथे वळवली आणि तिने त्यावरूनही सुनावलं.

जूनमध्ये बाकीचे खांब गेले. पुढच्या गुरुवारी मी माझ्या नवऱ्याचं शिकारीचं नारिंगी जाकीट घालून तिच्या दारात उभी राहिले, ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून.

"हा काय अवतार?" ती म्हणाली.

"मी ट्रकच्या बाजूने चालणार. तू आतून चाल. बोलायचं नसेल तर नको बोलूस."

ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. तिने वॉकर पुढे ढकलला. खांबापाशी आल्यावर तिने वॉकर थांबवला, खांद्यावरचं पिठाचं फडकं काढलं आणि खांबाला एक फटका दिला.

"बाजूला हो, लेन."

मग आम्ही दोघी रस्त्यावर उतरलो आणि त्याला वळसा घालून पुढे गेलो.