चिपवाला ड्रायव्हर

डहाणूहून तलासरीला शेअरगाडीने निघाले होते मी. ड्रायव्हरने स्टिअरिंगखाली हिरवा दिवा लुकलुकणारी एक चिप खोचलेली. "मावशी, हिच्यामुळे पेट्रोल निम्मं लागतं!" असं म्हणून तो बैलाला थोपटावं तसं तिला थोपटायचा.

शेजारी त्याची बायको. पेट्रोलचा काटा लालवर टेकलेला बघून म्हणाली, "आज एवढ्या पेट्रोलवर तलासरी गाठली तरच ठेवायची ही चिप. नाहीतर मी विहिरीत टाकणार!"

आशागडला तो पॅसेंजर बोलवायला उतरला, तेवढ्यात हिने चिप उपटून मुठीत लपवली आणि मला गप्प बसायला खुणावलं. पुढे त्याची नजर काट्यावरच. चपला काढून अनवाणी पायाने अलगद गाडी हाकतोय, हॉर्नसुद्धा वाजवत नाही. प्रत्येक उताराला आम्ही सगळे टाळ्या पिटतोय!

आणि पोचलो की हो तलासरीच्या पंपावर! बायकोने मूठ उघडली. "आशागडपासून माझ्याकडेच आहे ही."

तो वाकून स्टिअरिंगखालची रिकामी जागा चाचपू लागला. मग मांडीवर थाप मारून ओरडला, "काय भारी वस्तू आहे! काढली तरी काम करते!"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा. बायको हसून हसून वाकली, आणि तिनेच ती चिप परत जागेवर खोचली.