लेण्यांची आवड

औरंगाबादला घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. लग्नाला येवो, बारशाला येवो, कोर्टाच्या कामाला येवो, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला वेरूळ दाखवावंच लागतं. हे कचेरीत जायचे, म्हणून ते काम माझं. पाहुणे कैलास लेण्याकडे मान वर करून बघत राहायचे आणि मी कुठल्या खांबाला टेकता येईल ते बघायची. मुलगी कडेवर होती तेव्हापासून माझ्याबरोबर यायची. तिला ठेवणार कुणापाशी?

असं बारा वर्षं चाललं. मग गुडघे बोलायला लागले. दिवाळीचे शेवटचे पाहुणे स्टँडवर पोचवून आले आणि ह्यांना म्हटलं, "मला दोन दिवस समुद्रावर न्या. पाण्यात पाय सोडून बसायचंय. कुणाला काही दाखवायचं नाय, काही सांगायचं नाय."

हे खूश झाले. कुठं जायचं ते गुपित ठेवलं. मनमाडला गाडी बदलून आम्ही तिघांनी मुंबई गाठली आणि दुसऱ्या सकाळी लाँचमध्ये बसलो. बेटावर जायचंय एवढंच मला सांगितलं होतं. तासभर खारा वारा तोंडावर घेत बसले. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

उतरलो, धक्का संपला आणि समोर पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या न् माळांची दुकानं आणि मधून वर वर जाणाऱ्या पायऱ्या.

"वर काय आहे?" मी विचारलं.

"लेणी!" हे म्हणाले. "घारापुरी आहे ही. तुला लेण्यांची लई आवड. म्हटलं, समुद्र पण होईल आणि लेणी पण."

रागावायचंही त्राण नव्हतं. बारा वर्षं ह्या माणसाला वाटत होतं की मी हौसेनं जाते. आणि वाटणार नाही तर काय? संध्याकाळी "कसं झालं?" असं विचारलं की "छान" म्हणून चहा पुढे ठेवणारी मीच.

"तुम्ही दोघं जा. मी इथंच बसते."

ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, पण तुझ्याशिवाय समजावून कोण सांगणार?"

"मी सांगते ना बाबांना," अकरा वर्षांची मुलगी म्हणाली. "मला सगळं येतं. आई, तू बस."

ती दोघं वर गेली. मी धक्क्याच्या कडेला, पाणी लागतं त्या दगडी पायरीवर बसले आणि चपला काढून पाय सोडले. पाणी गढूळ होतं, पण गार होतं. कुणी हाक मारत नव्हतं. तसं मी किती वर्षांत बसले नव्हते.

तासाभरानं लाँचमधल्या एक बाई खाली आल्या. "ती पोरगी तुमचीच ना? आम्ही वीसेक जण तिच्या मागं फिरलो बघा. रावण कैलास हलवतो ते काय सांगितलं तिनं! आणि वयस्कर माणसांना मधेच सावलीत बसवायची, पाणी प्या म्हणायची. गुणाची आहे हो. सासरी नाव काढील."

बाई कौतुकानंच बोलल्या, पण मला ते कौतुक गोड लागेना. मी पोरीला फक्त बरोबर नेत होते. शिकवलं कधी?

ती खाली आली तेव्हा तोंड लाल झालं होतं, आवाज बसला होता.

"दमलीस का गं?"

"नाय. मला कुठं काय होतंय?"

पाहुण्यांनी विचारलं की मी हेच म्हणायची. शब्दही तेच आणि वर हसणंही तेच. मला माझीच लाज वाटली. हाताला धरून तिला शेजारी बसवलं, तिच्या चपला काढल्या, पाय पाण्यात सोडायला लावले.

धक्क्यावरून ह्यांनी हाक मारली, "चला, लाँच सुटतेय."

"सुटू द्या," मी म्हटलं. "पुढच्या लाँचनं जाऊ. आणि ऐका. आता पाहुणे आले की ही वेरूळला येणार नाय."

हे धक्क्यावरून खाली आले. मग मान हलवून आमच्या मागच्या पायरीवर बसले.

मीही जाणार नाही, असं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही.