पाठमोरा चित्रकार

एकतीस वर्षं आम्ही दोघं एकाच बसवर होतो. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. सगळा डेपो त्याला उस्ताद म्हणायचा. निवृत्तही आम्ही एकाच महिन्यात झालो. मी दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन-तीन तास झोपू लागलो आणि सुख म्हणजे काय ते मला कळलं. उस्तादला मात्र रिकामपण सोसेना.

घरात तो वहिनींची वाहतूक सांभाळू लागला. "डावीकडून ये. थांब, आधी कढई उतरव, मग पातेलं आण." त्या गरम दूध घेऊन वळल्या की सोफ्यावर बसल्या बसल्या याचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबायचा. चौथ्या महिन्यात वहिनींचा मला फोन आला.

"भावजी, तुमचा माणूस घेऊन जा."

"कुठे नेऊ?"

"कुठेही न्या. सकाळी न्या, संध्याकाळी आणून सोडा. एकतीस वर्षं जमलं ना तुम्हाला?"

त्याला मी हास्यमंडळात नेलं. तिथे सगळे हसत असताना हा गंभीर चेहऱ्यानं हसणाऱ्यांवर लक्ष ठेवून उभा. मग बागकाम झालं. पाऊस असो की ऊन, तो वेळापत्रकाप्रमाणे दिवसातून चार वेळा पाणी घालायचा. कुंड्यांमधली झाडं मुळापासून कुजली. शेवटी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग सापडला. शिकवणाऱ्या बाई आमच्या मुलींपेक्षाही लहान. सोबत म्हणून मीही जायचो आणि मागच्या बाकावर पेंगायचो.

पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर एक सुरई आणि दोन लिंबं ठेवली. उस्तादनं तासभर घाम गाळून जे काढलं त्यात सुरई कुठली आणि लिंबं कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. "आपल्या बापजन्मात जमणार नाही," म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून त्यानं आरसा काढला. ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तो, मागची माणसं बघायचा लांबट आरसा. भंगारात निघालेल्या गाडीचा हा आरसा डेपोनं त्याला निरोपाला दिला होता. तो त्यानं कागदाच्या वर अडकवला, खुर्ची फिरवली आणि टेबलाकडे पाठ करून बसला.

"काका, सुरई इकडे आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे. पुढे मी फक्त रस्ता बघतो. बाकी सगळं आरशातून बघायची सवय आहे."

आणि काय सांगू, सुरई कागदावर हुबेहूब उतरली! मग लिंबं उतरली, मग तोंड उघडं टाकून झोपलेला मी उतरलो. बाई पोट धरून हसल्या आणि त्याला तसंच बसू दिलं. आता तो नऊच्या ठोक्याला घराबाहेर पडायचा. वहिनी स्वयंपाकघरात मोकळेपणानं वळू लागल्या.

वर्षाअखेरीस प्रदर्शन ठरलं. प्रत्येकानं घरातलं एक माणूस काढायचं. वहिनी दहा दिवस उस्तादच्या पाठीमागे खुर्चीत बसल्या, पण चित्र त्यांना दाखवलं नाही.

"ती हसली तर ब्रश माळ्यावर," उस्ताद मला म्हणाला. "परत हात लावायचा नाही."

ब्रश माळ्यावर म्हणजे उस्ताद स्वयंपाकघरात, आणि वहिनींचा फोन माझ्या ऐन झोपेत. मैत्री वगैरे ठीक आहे, पण काळजी मला माझीच जास्त होती. खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनाला आधी पोचली त्याची मुलगी.

"बाबा! आईचा तीळ डाव्या गालावर आहे. तुम्ही उजव्या गालावर काढलात!"

"भांगसुद्धा भलतीकडेच," शेजारीणबाईंनी री ओढली. "इतका संसार करून बायकोकडे कधी नीट बघितलं नाही वाटतं!"

सगळा हॉल हसला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आरशात डावं ते उजवं दिसतं. लिंबांना डावं-उजवं नसतं, माझं टक्कल दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे इतके दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण उस्ताद कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. कानापर्यंत लाल होऊन तो चित्र खिळ्यावरून काढू लागला.

"थांबा हो जरा," मागून वहिनी म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. चित्राकडे बघता बघता त्यांचा हात आपसूक वर गेला, सुटलेली बट त्यांनी कानामागे सारली आणि मान किंचित तिरकी केली. हसल्या नाहीत.

"तीळ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"अगं आई, काहीतरीच काय!"

"रोज सकाळी केस विंचरताना मी हिलाच बघते. तुम्हा सगळ्यांना मी उलटी दिसते. मी मला जशी दिसते, तशी मला बघणारे हे एकटेच निघाले."

उस्ताद चित्र छातीशी धरून नुसता उभा राहिला. माझे डोळे भरून आले. या वेळी ते झोपेनं नव्हे, एवढं लिहून ठेवतो.

वहिनींनी चित्र त्याच्या हातातून घेतलं आणि परत खिळ्याला लावलं.

"नाक मात्र माझं एवढं मोठं नाही हं," त्या म्हणाल्या. "उद्या नऊला परत बसते. आरसा जरा पुसून घ्या."