मावशींचं आमेन

जानेवारी २०१७, दुसरा शनिवार. कॅनडात, मिसिसागात आमच्या चर्चच्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या घरी प्रार्थनासभा. हजर: पुढारी, त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या तिघी विद्यार्थिनी, मी आणि वेअरहाउसची शिफ्ट संपवून आलेल्या मावशी.

मावशी कायम मागे बसतात, पण त्यांचं आमेन सगळ्यांच्या आधी आणि खणखणीत येतं.

मी विनंत्यांची यादी वाचली: तिघींतल्या धाकटीचा पासपोर्ट सापडावा. पुढाऱ्यांनीच प्रार्थना केली. मागून आमेन आलं नाही.

“भाऊ, तो तुमच्याच कपाटात आहे. पोरीने खोली सोडू नये म्हणून ठेवून घेतलाय तुम्ही,” मावशी म्हणाल्या. “प्रभूला कशाला शोधायला लावता? वर जाऊन आणा, मग म्हणते आमेन.”

पुढाऱ्यांनी तो आणला. पासपोर्ट पोरीच्या हातात पडला, तेव्हाच मावशी आमेन म्हणाल्या.

मी यादीतली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बाकी दोघींचे पासपोर्ट कुठे आहेत, विचारणे. अजून विचारलेलं नाही.