फादरांनी न घेतलेलं नाव

माझे सासरे जेवायला बसले की आधी भाजीचा वास घेतात. मग वाटी जराशी कलती करून तळ बघतात. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं रुचत नसेल. नवरा म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, ते त्यांच्या आईच्या हातचंही असंच तपासून खायचे.

उभा जन्म त्यांचा विजेचे मीटर तपासण्यात गेला. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, सील शाबूत आहे का बघायचं. घरमालकाला कधी काही विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. विचारलं की माणूस खोटं बोलणार, त्यापेक्षा आपण बघावं आणि आपणच ठरवावं. निवृत्त झाल्यावर टॉर्च ऑफिसात जमा केला, नियम तेवढा घरी आणला. दूधवाला म्हणू नका, डॉक्टर म्हणू नका, मी म्हणू नका, कुणी सुटलं नाही. गल्लीत त्यांना सगळे ‘मीटर’ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि कोण कोण म्हणतं तेही.

असा माणूस कुणाला पाठिंबा द्यायला निघेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण निघाला खरा.

आमचे आधीचे बिशप वारले, आणि त्यांची गादी बरेच महिने रिकामी राहिली. मग नवी नेमणूक जाहीर झाली. नाव निघालं ते दुसऱ्याच धर्मप्रांतातल्या माणसाचं. झालं, चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू. आपल्यात काय कुणी लायक नव्हतं? ह्यांना आपली माणसं काय कळणार? कुणी म्हणे, आपले फादर लोकच आतून नाराज आहेत, नव्या बिशपांना टिकू देणार नाहीत. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका संध्याकाळी गायनमंडळाचे मास्तर, बेकरीवाला आणि शाळेच्या निवृत्त बाई यांना आमच्या पुढच्या खोलीत बसवलं आणि मला चहा टाकायला लावला.

“परक्याच्या दारात उभं राहणं काय असतं, ते मला विचारा,” ते म्हणाले. “मी दिसलो की लोक दार अर्धंच उघडायचे. ह्या माणसाला आपण पूर्ण उघडायचं.”

मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. चहा निवतोय हेही विसरले, खोटं कशाला सांगू. त्यांची तडफ होतीच तशी. बिशप येतील त्या दिवशी कॅथीड्रलपर्यंत दोन्ही बाजूंना लोकांची रांग, हातात हात, मोठे फलक, मास्तरांची गाणी, सगळं तिथेच ठरलं. बेकरीवाल्याने फलकांसाठी आपल्या गोदामाची मागची खोली दिली.

घोड्याने पेंड खाल्ली ती मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत. मिस्सेत फादर पोपसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि लगेच पुढे आपल्या बिशपांचं नाव घेतात. आमच्या फादरांनी पोपचं नाव घेतलं आणि सरळ पुढे गेले. बिशपांचं नावच नाही. सासऱ्यांनी मला कोपराने ढोसलं आणि पुटपुटले, “सील तुटलंय.” पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग काय, आमच्या पुढच्या खोलीत निकाल लागला की विरोधकांचा म्होरक्या आपल्याच वेदीवर उभा आहे. फादरांनी परवा फलकाकडे बघितलंही नाही, हे बेकरीवाल्याला आठवलं. बाईंना त्यांच्या हसण्यात काहीतरी दिसलं. आमचे फादर मुळात कमी बोलणारे, मान खाली घालून चालणारे. आता तीच मान खाली का, ह्यावर चर्चा रंगायला लागली.

आत्याबाईंची ह्यात फरफट झाली. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून ती फादरांच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची, आणि स्वयंपाकघरामागची खोली हेच तिचं घर होतं. खिडकीत तुळतुळीत घासलेली भांडी, भिंतीला तिची शिलाई मशीन. फादर बदलून गेले आणि नव्या माणसाला स्वयंपाकीण नको असली, की तिची खोलीही गेली. हे तिला माहीत होतं, आम्हालाही. तरी सासरे तिला दर भेटीत खोदून विचारायचे, बंगल्यावर कोण येतं, जेवायला कोण थांबतं. शेवटी तिचं डोकं फिरलं.

“दादा, त्यांना ब्लड प्रेशर आहे. मी बिनमिठाचं रांधते. ते जेवायला कोण कशाला थांबेल?”

मग फादरांनाच विचार की काय ते, असंही ती म्हणाली. सासरे नुसते हसले. तिच्याही उत्तरात त्यांना काहीतरी दडवल्यासारखं दिसलं असणार.

पुढच्या रविवारी मंडळींनी आपसात ठरवलं होतं तसं केलं. फादरांनी पोपचं नाव घेतलं, आणि त्याच क्षणी पुढच्या बाकांवरून सगळ्यांनी मिळून नव्या बिशपांचं नाव मोठ्यांदा म्हटलं. सासऱ्यांचा आवाज सगळ्यात वर. चर्च दणाणलं. फादर थांबले. त्यांनी पुस्तकावरची नजर उचलली नाही, शांतता होऊ दिली आणि पुढची ओळ वाचली. मागच्या बाकावर आत्याबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली, पण आत यायला तयार नव्हती. फादरांनी बदली मागून घेतली होती. तिला म्हणाले, तुझी सोय बघ बाई. सासऱ्यांनी खुशाल मान डोलावली. बघ, मनात खोट होती म्हणूनच पळाले, म्हणे. आत्याबाईने उंबऱ्यातूनच उत्तर दिलं.

“ते मला एवढंच म्हणाले, कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

बिशप आले तो दिवस मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. रांग कॅथीड्रलच्या फाटकापर्यंत पोचली. म्हातारी माणसं उन्हात हातात हात धरून उभी होती. साधे, जाड चष्म्याचे गृहस्थ, एवढी माणसं बघून त्यांचे डोळे भरून आले. विधी झाल्यावर आमच्या मंडळींना भेटायला बोलावलं. सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं की आमच्या फादरांनी नेमणूक झाल्यापासून एकदाही तुमचं नाव घेतलं नाही, शेवटी आम्ही घेतलं.

बिशपांनी त्यांचा हात हातात घेतला. “अहो, गादीवर बसेपर्यंत बिशपांचं नाव मिस्सेत घ्यायचंच नसतं. आज सकाळपर्यंत मी तुमचा बिशप नव्हतो. तुमच्या फादरांनी बरोबरच केलं.”

बेकरीवाला फलकाची काठी न्याहाळायला लागला. बाईंना घाई आठवली. सासरे तिथून बसने थेट फादरांच्या बंगल्यावर गेले, मी मागोमाग. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला सरळ प्रश्न विचारला. फादर, राहता का? फादर पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांनी सासऱ्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. रागाचा एक शब्द नाही. पण बदलीच्या गावच्या लोकांना त्यांनी शब्द दिला होता, आणि तो मोडायचा नव्हता. रविवारी त्यांनी शेवटची मिस्सा केली. पोपच्या नावानंतर बिशपांचं नाव इतकं स्वच्छ घेतलं की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सासरे पूर्ण मिस्साभर गुडघ्यांवर होते.

नव्या फादरांनी डबा लावला. आत्याबाई मशीन आणि भांडी घेऊन आमच्या मागच्या खोलीत आली. पदर खोचला आणि माझ्या शेगडीसमोर उभी राहिली.

आम्ही जेवायला बसलो. तिने भाजी वाढली. पहिल्याच घासाला कळलं, हाताची सवय, मीठ नव्हतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी वास घेतला नाही, वाटी कलती केली नाही, खाली मान घालून जेवत होते. मी हळूच मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली आणि बहिणीला म्हणाले, “अजून थोडी वाढ.”