अर्ध्यावर अडकलेली काच

आज सकाळी आमच्या भाजीच्या पिकअपला ॲम्प्लिफायर आणि नवे स्पीकर बसवून घेतले. गाडी पप्पांची, हौस माझी.

आवाज झकास आहे. पण दारातल्या स्पीकरचा मॅग्नेट मोठा निघाला, त्यामुळे ड्रायव्हरकडची काच खाली करताना अर्ध्यावरच अडकते.

नंतर पप्पा आमच्या इथल्या होळी बाजारात भाजी टाकायला गेले आणि चक्क जेवणाच्या वेळेला घरी आले. एरवी ते वाटेत दिसेल त्याच्यापाशी गाडी थांबवतात आणि कोपर बाहेर काढून गप्पा मारत बसतात.

“अर्ध्या काचेतून काय बोलणार? तो स्पीकर काढ आधी,” पप्पा वैतागले.

मम्मीने त्यांना गरम जेवण वाढलं आणि मला हळूच विचारलं, “घट्ट बसवलाय ना?”

काढू की ठेवू? तुम्हीच सांगा. गाडीची चावी सध्या मम्मीकडे आहे.