पाचवा गडी

रविवार, १८ फेब्रुवारी २००१. गच्चीवर तूर वाळत घातली आहे, ती दुपारपर्यंत दोनदा परतायची आहे. मधल्या वेळात हे पेपरात छापायला द्यायचं म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ सुधाकर जाऊन सहा आठवडे झाले. सिंदीला आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो. ‘त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही, तेवढं बरं झालं.’ आज सकाळी आमचा मोठा भाऊ, दादा, आला आणि तोही तेच म्हणाला. मला या वाक्याचा राग येतो. सुधाकरला कळलं होतं. कसं कळलं, ते मला माहीत आहे.

तो वर्ध्याला कॉलेजात गणित शिकवायचा आणि बायको नंदासोबत बोरगाव मेघेला राहायचा. दर रविवारी दादा आणि मी तिथे जायचो आणि चौघांचा मेंढीकोट रंगायचा. दादा-मी एका बाजूला, सुधाकर-नंदा दुसऱ्या. ज्यांच्याकडे दश्श्या जास्त, त्यांचा डाव. म्हणून आपली दश्शी समोरच्यांच्या हातात पडू द्यायची नाही, एवढाच खेळ. तीन वर्षांपूर्वी त्याने हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला, त्यात पाहून पाहून पत्ते शिकणारा ‘नेटवर्क’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि खेळात वही आली. प्रत्येक हात संपला की खेळ थांबवून, कोणी कोणतं पान टाकलं ते तो लिहून घ्यायचा. दादा वैतागायचा. “गुर्जी, पत्ते खेळता का पंचनामा करता?”

“नेटवर्कले शिकवाले लागते,” तो म्हणायचा. “मी त्याले युक्त्या सांगत नाई, दादा. तुम्ही काय खेळता तेवढं दाखवतो. तो पाहू पाहू शिकते. चुकला की जरासा सुधरते, पुन्हा चुकते, पुन्हा सुधरते.” हजारो वेळा तेच डाव त्याच्यापुढून जायचे. मधेच लाइट गेली की शिकवणी पहिल्यापासून. आम्ही त्याला पाचवा गडी म्हणायचो. दोन वर्षांत तो गडी बरा खेळायला लागला. दादाच्या जागेवर बसवला तर दादासारखाच हुकूम दाबून ठेवायचा.

गेल्या पोळ्याच्या आधी सुधाकरच्या पोटाच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट दादाने घेतला. कॅन्सर निघाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या त्याने ठरवलं: अल्सर सांगायचा. नंदा रडत होती, तिला कोणी विचारलं नाही. मला विचारलं, आणि मी मान हलवली. घरात मी फटकळ म्हणून ओळखली जाते. भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी भांडते. तिथे मान हलवली.

पुढे रविवार तसेच चालू राहिले. फक्त दादा आणि मी हरायला लागलो. ठरवून नाही... समोर तो वाळलेला चेहरा असायचा, हातात बदामाची दुर्री असूनही मी बदामाची दश्शी टाकायची. दादाही तेच करायचा. सुधाकर जिंकायचा आणि वहीत लिहायचा. एकेक चूक वेगवेगळी आली की चूकच वाटते. पाचव्या गड्याला सगळ्या एकदम दिसल्या.

डिसेंबरात त्याने मला एकटीला बोलावलं. उशीला टेकून बसला होता, मांडीवर वह्या.

“ताई, नुसती पोळ्यानंतरची वही शिकवली त याले काय झालं माहीत हाय? तुह्या जागेवर बसवला का माह्यापुढं दश्शी टाकते. हातात दुर्री असताना. आठ दिवस मी प्रोग्राममधली चूक शोधून राह्यलो होतो. मग जुनी वही शिकवली, त नाई टाकत.” त्याने मांडीवरची वही उघडली. “पोळ्यापासून तुम्ही दोघं काऊन हरून राह्यले?”

मी म्हटलं, “पानंच तशी येत होती.”

“पानं मीच पिसत होतो, ताई.”

त्याने वही मिटली. “बरं. रविवारी येजो. पण खरं खेळजो.”

त्या रविवारी मी दश्शी दाबून ठेवली, आमचा डाव झाला, तो हसला. तोंडाने मात्र मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. ते चार महिने त्याने उत्तरपत्रिका तपासल्या आणि मागच्या भिंतीसाठी विटा उतरवून घेतल्या. पोळ्यालाच कळलं असतं तर त्याने काय केलं असतं, मला माहीत नाही. ते विचारायची सोयच आम्ही ठेवली नाही. त्याच्या आयुष्यातला शेवटचा निर्णय आम्ही व्हरांड्यात उभ्याने घेऊन टाकला, आणि वर त्याला माया म्हणतो.

आज दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नंदाले नको सांगू. त्याले कळलं नाई, तिले तेवढाच आधार हाय.”

पुन्हा तेच. दादाने ठरवलं, मी मान हलवायची.

सोमवार, १९ फेब्रुवारी. सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला उतरले आणि बोरगावला गेले. हे छापून यायच्या आत नंदाला तोंडी सांगणं भाग होतं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. व्हरांडा, दश्श्या, वह्या, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. तिने शेवटची घडी घातली.

“त्याहीनं विचारलं तवा तुम्ही खोटं बोलल्या,” ती म्हणाली. “अन् मले आज सांगून राह्यल्या. सहा हप्त्यांनी.”

“हो,” मी म्हटलं.

ती आत निघून गेली. मी परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले.